कुलाबा १७२१ : शस्त्रांच्या कामाच्या नोंदी

२५ ऑगस्ट २०२४

विषय पक्का झाला. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर केलेली चढाई, अलिबागच्या वाळूवर, किल्ला पाठीशी ठेवून, आमच्या मंडळाने पाऊण तासाच्या प्रयोगात उभी करायची. माझ्याकडे शस्त्रांचे काम आले आहे. कोणती शस्त्रे दाखवायची, ती कशाची घडवायची, कोणाच्या हाती द्यायची आणि कायद्यात त्यांतले काय बसते, हे सगळे या वहीत लिहीन.

मंडळातल्या मुलांना चाचे हवे होते. काळा झेंडा, कवटी, कमरेला पिस्तुले. मागणी काळाला धरून आहे, हे मी बैठकीत सांगितले. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने मक्केहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' लुटले. एप्रिल १७२१ मध्ये टेलर आणि ल बूझ या चाच्यांनी गोव्याहून पोर्तुगालला निघालेल्या माजी व्हाइसरॉयचे जहाज रियुनियन बेटापाशी पकडले. या मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला इंग्लंडहून कमोडोर थॉमस मॅथ्यूज चार लढाऊ जहाजे घेऊन आला, आणि वर्ष संपायच्या आत तो अलिबागच्या मैदानात कान्होजी आंग्र्यांविरुद्ध उभा होता. म्हणजे चाचे आपल्या कथेच्या उंबरठ्यापर्यंत आलेलेच आहेत.

पण कवटीचा झेंडा कान्होजींच्या माणसांच्या हाती जाणार नाही, एवढे मी आजच मंजूर करून घेतले. कान्होजी छत्रपती शाहूंचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. त्यांच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने त्यांचे दस्तक (परवाना) घ्यायचे, जकात भरायची, असा त्यांचा रिवाज होता. पोर्तुगीज हेच कार्ताझ नावाचे परवाने देऊन दोनशे वर्षे करत आले होते. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला दस्तक मान्य नव्हते, म्हणून कंपनीच्या कागदांत ते चाचे ठरले. तलवार कोणाची, कोणाच्या हुकमाने उपसली, हे प्रेक्षकाला कळले नाही तर पुढचे सगळे काम फुकट.

४ सप्टेंबर

कायदा वाचायला बसलो. हे काम सगळे शेवटी करतात आणि मग बनवलेली शस्त्रे गोणपाटात गुंडाळून माळ्यावर जातात. आपण उलट्या क्रमाने जाऊ.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत पाचवा वर्ग बिनदारूच्या हत्यारांचा आहे: तलवारी, गुप्त्या, खंजीर, संगिनी, भाले, परशू, आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे. घरकामाची, शेतीची, कारखान्याची अवजारे त्यातून वगळली आहेत. कोयता घेऊन नारळावर चढणाऱ्याला कोणी अडवत नाही आणि तेवढ्याच लांबीची कट्यार कमरेला लावून फिरणाऱ्याला अडवतात, ते यामुळे.

आपल्या उपयोगाची ओळ कलम २ मध्ये सापडली. 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतून, खेळणे म्हणूनच वापरता येईल आणि ज्याचे चालू हत्यार करता येणार नाही, अशी वस्तू बाहेर ठेवली आहे. यात दोन अटी आहेत आणि दुसरी जास्त कडक. 'धार नाही' एवढे पुरत नाही. धार लावताही येऊ नये. बोथट पोलादी तलवारीला सहाणेवर धार चढवता येते. लाकडाच्या किंवा मऊ ॲल्युमिनियमच्या पात्याला कामाची धार येत नाही, आली तरी टिकत नाही. आपला मार्ग इथेच ठरला.

त्यावर महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१. सण, निवडणुका, आंदोलने यांच्या आगेमागे कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्या काळात सार्वजनिक जागी तलवारी, भाले, सोटे, लाठ्यासुद्धा नेता येत नाहीत. वर्तमानपत्रात 'तलवारीसह अटक' अशी बातमी येते तिच्या खाली बहुतेक वेळा शस्त्र अधिनियमाची कलमे ४ व २५ आणि पोलीस अधिनियमाची ३७(१) व १३५ अशी जोडी असते. लाठीचा सराव करणाऱ्या पोरांना हे माहीत असायलाच हवे.

दारूगोळा: स्फोटक अधिनियम १८८४, नियम २००८ चे. त्यावर शस्त्र अधिनियमात २०१९ ची दुरुस्ती आहे. आनंदाच्या भरात गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मिरवणुकीतला हवेतला बारसुद्धा त्यात येतो.

ठरवले: काळी दारू नाही, फटाके नाहीत, कार्बाइडची नळी नाही. एकही बार उडणार नाही. बैठकीत यावर बराच वाद झाला. 'आवाज नाही तर लढाई कसली' हा मुद्दा खरा आहे आणि त्याचे उत्तर मला शोधावे लागेल.

२२ सप्टेंबर

शस्त्रांची यादी केली. यादी करताना सगळ्यांत मोठा मोह पट्ट्याचा.

मर्दानी खेळ म्हटला की पट्टा हवाच. चार फुटांच्या आसपास लवचीक पाते, कोपरापर्यंत चढणारा खोबळा, मनगट वळत नाही म्हणून सगळी फिरत खांद्यातून आणि कमरेतून. तो फिरवणाऱ्याभोवती हात आणि पाते मिळून सहा-सात फूट त्रिज्येचे वर्तुळ मोकळे लागते. आता हे गुराबेच्या, म्हणजे आंग्र्यांच्या मोठ्या लढाऊ जहाजाच्या, डेकवर आणून पाहा. डोलकाठ्या, दोरखंड, शिडाचे दोर, तोफांचे गाडे, खांद्याला खांदा लावून उभी माणसे. तिथे पट्टा फिरवणारा आधी स्वतःच्या जहाजाचे दोर कापेल. जहाजावर आखूड आणि सरळ चालणारे हत्यार कामाचे: कट्यार, आखूड तलवार, भाला, कुऱ्हाड. म्हणून जहाजाच्या प्रसंगातून पट्टा काढला. जमिनीवरच्या लढाईत, किल्ल्याच्या शिबंदीत एकाच माणसाच्या हाती तो राहील, आणि तोही एकटा, दोराच्या कड्यात.

धोप ठेवली. सरळ, लांब पाते, पुष्कळदा युरोपातून आलेले, आणि मूठ देशी. गोव्याच्या आणि चौलच्या बाजारातून अशी पाती इकडे येत. शत्रूच्या देशातले पाते आणि आपली मूठ, हे एका हातात धरून दाखवता येते आणि निवेदनातली चार वाक्ये वाचतात.

बंदुका: आपल्या बाजूला तोड्याच्या. तोडा म्हणजे सावकाश जळणारी दोरी. ती नळीच्या कान्यापाशी, म्हणजे बत्तीच्या भोकापाशी, रंजकीला (पेटवणीच्या दारूला) लावली की बार उडतो. इंग्रजी पलटणीकडे तोपर्यंत चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुका आणि टोकाला संगीन. हा फरक प्रेक्षकाला लांबून दिसला पाहिजे, म्हणून तोड्याची दोरी लाल रंगवायची. खऱ्या तोड्याचा रंग तसा नसे, पण पन्नास फुटांवरून दुसरे काही दिसणार नाही.

तोफ: एक. तिच्याबद्दल पुढे.

१२ ऑक्टोबर, दसरा

गावात शस्त्रपूजन झाले. एका जुन्या घरातल्या काकांनी देवघरापुढची तलवार दाखवली. मुठीवर चांदीचे थोडे काम उरले आहे. 'घेऊन जा, मिरवू दे सगळ्यांना,' म्हणाले. मन वळले होते. तरी नाही म्हटले आणि कारण समजावून सांगितले.

शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. तिचे नुकसान झाले तर भरपाई कसली करणार? शिवाय घरात पूजेला ठेवलेली तलवार आणि किनाऱ्यावर गर्दीत उपसलेली तलवार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पोलिसांच्या दृष्टीनेही आणि माझ्याही. काकांना विचारून तिचे मोजमाप घेतले, मुठीचा कागदावर ठसा घेतला. त्यावरून आपली मूठ घडेल. ते जास्त खूश झाले असे वाटले.

दुसऱ्या एकाने ठासणीची बंदूक देऊ केली. कोकणात रानडुकरांपासून पीक राखायला असे परवाने आहेत. बंदूक त्याच्या नावावर, परवाना शेती संरक्षणासाठी. ती दुसऱ्याच्या हाती देणे, रिकामी का असेना, कायद्यात बसत नाही. 'जुन्या पद्धतीची आहे म्हणजे सूट असेल' हा समज फार पसरला आहे, तो इथे मोडून ठेवतो. कलम ४५ मध्ये जुन्या, कालबाह्य किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे, पण दुरुस्त करून किंवा न करता ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. ठासणीची बंदूक चालते. नवी घडवलेली तोड्याची बंदूक, तिच्या नळीतून गोळी सुटत असेल तर, तीनशे वर्षांपूर्वीच्या नमुन्याची असूनही बंदूकच.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. परवान्याच्या बंदुका जमा करून घेणे सुरू होईल, मनाई आदेश येतील. लाकडी तलवारींचा सरावसुद्धा मोकळ्या मैदानात करायचा नाही असे मी सगळ्यांना कळवले. सराव बंद दाराआड, सभागृहात, आणि फक्त पायांचा. अर्ज निकालानंतर देऊ.

मोकळा वेळ मिळाला म्हणून परदेशातल्या मंडळांचे नियम वाचले. चाच्यांच्या काळाचे प्रयोग तिकडे पुष्कळ होतात, आणि शस्त्रांच्या बाबतीत ती मंडळी आपल्यापेक्षा जास्त शिस्तीची आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये २००८ पासून ५० सेंटिमीटर किंवा अधिक लांबीच्या वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी आहे. इतिहासाचे प्रयोग करणाऱ्यांना सवलत आहे, पण त्यासाठी विमा लागतो. तिथे बार उडवणारी ठासणीची बंदूक, नवी घडवलेली असली तरी, पोलिसांच्या प्रमाणपत्राशिवाय ठेवता येत नाही. अमेरिकेत गोष्ट उलटी: १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधीची हत्यारे आणि तोड्याच्या, चकमकीच्या बंदुकांच्या नव्या प्रतिकृतीही 'पुरातन' धरल्या आहेत, मग राज्याराज्यांचे नियम वेगळे. पण तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या जागेत तोफ डागायची तर शिकलेला पर्यवेक्षक हवाच.

कायदा सैल असो की कडक, मैदानातले नियम सगळीकडे सारखेच दिसतात. बंदुकीचे तोंड माणसाकडे नाही. गज मैदानात वापरायचा नाही, कारण नळीत राहिलेला गज बाणासारखा सुटतो. तलवारीची कड जाड आणि गोल, टोक बोथट. डोक्यावर वार नाही, भोसकणे नाही. एक ठरलेला शब्द, तो ऐकला की सगळे जागच्या जागी थांबतात. हे पाचही मी उचलले. आपला शब्द 'खबरदार' नको, तो संवादात येतो. 'लाल' ठेवला.

१० नोव्हेंबर

सुताराच्या शेडमध्ये काम सुरू. पाती ॲल्युमिनियमच्या पट्टीची, कड तीन मिलिमीटर आणि गोल घासलेली, टोक नाण्याएवढे गोल. मुठी लाकडी, आतून पाते दोन खिळ्यांनी आरपार ठोकलेले. नुसत्या चिकटवणीवर माझा विश्वास नाही. मूठ हातात राहून पाते सुटले तर ते प्रेक्षकांत जाते.

ॲल्युमिनियमचा एक दोष आहे. पात्यावर पाते आदळले की खाच पडते आणि खाचेची कड वस्तऱ्यासारखी होते. पोलाद असे लवकर करत नाही. म्हणून नियम: प्रत्येक सरावानंतर कानशीने सगळ्या खाचा घासायच्या, तळहात फिरवून पाहायचे, मगच पाते पेटीत. हे काम ज्याचे हत्यार त्यानेच करायचे.

बंदुका सागाच्या फळीतून एकसंध. नळी पोकळ नाहीच. काळा रंग दिलेला गोल दांडा. कोणी हातात घेऊन पाहिली तर भोक नाही हे लगेच कळते. माझ्या मते प्रतिकृतीचा पहिला गुण हा: दुरून खरी, हातात आल्यावर निःसंशय खोटी.

ढाली वेताच्या, वर कातडी रंगाचे कापड. खऱ्या ढाली म्हशीच्या किंवा गेंड्याच्या कातड्याच्या असत.

तोफ लाकडी ओंडक्याची, तिच्या तोंडाला बोटभर खोल खाच, मागे काना रंगवलेला. इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण दर वेळी कोणीतरी म्हणते की किल्ल्यावरच्या तोफांसारखी करा. कुलाब्यावर चाकाच्या गाड्यांवर ज्या दोन तोफा आहेत, ज्यांच्याशेजारी सगळे फोटो काढतात, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव ओतलेले आहे. तो कारखानाच १७९१ चा. कान्होजी १७२९ मध्ये गेले. त्या तोफा सुंदर आहेत, पण आपल्या लढाईत त्या नव्हत्या आणि आपला गाडा त्यांच्यावरून घ्यायचा नाही. जहाजावरचा गाडा ठेंगणा, चार लहान लाकडी चाकांचा.

२४ नोव्हेंबर

अर्ज दिले. पोलीस ठाण्यात, नगर परिषदेत, बंदर खात्याकडे. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. संरक्षित वास्तूत करमणुकीचा कार्यक्रम केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय होत नाही. आपण किल्ल्यात काहीच करणार नाही. प्रयोग वाळूवर, आणि नंतर ज्यांना जायचे ते नेहमीचे तिकीट काढून, साध्या कपड्यांत, हातात काहीही न घेता किल्ला पाहतील.

पोलिसांच्या अर्जाला शस्त्रांची नोंदवही जोडली. प्रत्येक वस्तूला क्रमांक, फोटो, लांबी, कशाची आहे, कोण वापरणार, वाहतुकीत कोणाच्या ताब्यात. नमुन्याला एक धोप आणि एक बंदूक सोबत नेली, कापडात गुंडाळून, गाडीच्या डिकीत. साहेबांनी धोप हातात घेतली, अंगठा कडेवरून फिरवला, बंदुकीच्या तोंडात बोट घालायला गेले आणि हसले. मग त्यांनी दोन अटी घातल्या: पेट्या कुलूपबंद येतील आणि जातील, आणि प्रयोगाबाहेर कोणीही शस्त्रासह किनाऱ्यावर फिरणार नाही, फोटोसाठीही नाही. दुसरी अट मला फार आवडली. प्रयोगानंतर कमरेला तलवार लावून वडापाव खाणारे मावळे पाहिले की माझा जीव तुटतो.

७ डिसेंबर

सराव आता मोकळ्या जागेत. कोल्हापूरहून वस्ताद आले आहेत. त्यांचा पहिला दिवस तलवारीला हात न लावता गेला. पवित्रा, अंतर, नजर. 'हत्यार नंतर, आधी माणूस कुठं हाय ते बघा,' एवढे एकच वाक्य ते पुन्हापुन्हा म्हणत होते. पट्ट्यासाठी बारा फूट त्रिज्येचे दोराचे कडे त्यांनी स्वतः आखले आणि लिंबू-केळी कापण्याचा प्रकार मीच सांगण्याआधी काढून टाकला.

आज आवाजाचा प्रश्न सुटला. लाकडी तोफेपाशी पाच गोलंदाज उभे केले आणि तोफ भरण्याची पूर्ण कवायत बसवली. ओल्या पुसण्याने नळी पुसायची, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली तर नवी दारू हातातच पेटते. मग दारूची थैली, मग गोळा, मग गजाने ठासणे, गाडा पुढे ढकलणे, कान्यात रंजक, आणि शेवटी लांब काठीच्या टोकाचा पेटता तोडा. (आपला तोडा विझलेला, लाल दोरीचा.) कोण कुठे उभा, कोण कोणाच्या मागे जात नाही, कान्यावर अंगठा कोणाचा, हे सगळे मोठ्याने हुकूम देत. आणि तोडा कान्याला टेकला की मागे झाकलेल्या मोठ्या नगाऱ्यावर एकच टोला.

पहिल्यांदा केले तेव्हा बघणारी माणसे टोल्याआधीच गप्प झाली. फटाक्याने हे झाले नसते. फटाका दोन सेकंदांत संपतो. भरायला लागणारा वेळ हीच त्या काळच्या लढाईची खरी गोष्ट आहे. एका बारानंतर दुसरा येईपर्यंत शत्रू किती पावले पुढे येतो, हे प्रेक्षक स्वतः मोजू लागतो. सुरुवातीला हीच मुले धुरासाठी भांडत होती. आता ती पुसण्याच्या काठीसाठी भांडतात.

जहाजे दाखवण्याचेही जमले. गुराबेची बांधणी आपल्या ऐपतीबाहेर आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांच्या घरात, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या, आणि तिच्या लांब नाळेवर पुढे रोखलेल्या दोन तोफा. तिला वारा पडला की ओढायला गलबते. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही. वारा नसताना मोठे इंग्रजी जहाज जागच्या जागी डोलत राहायचे आणि वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत त्याच्या मागच्या अंगाला आणून ठेवायची, जिथून त्याच्या कडेच्या तोफा पोचत नाहीत. ही युक्ती वाळूवर दोर, दोन गट आणि वल्ही घेऊन दाखवू. समुद्रात एकच होडी, ती कोळीवाड्यातले नाखवा आणि त्यांची माणसे वल्हवणार, सगळ्यांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे. नट मंडळी होडीत चढणार नाहीत. नाखवांनी विचारले, 'जाकिटावर बंडी घालू काय?' घाला म्हटले, पण जाकीट दिसले तरी चालेल.

२४ डिसेंबर

प्रयोग आजच व्हावा असा पुष्कळांचा आग्रह होता, कारण इंग्रजी वृत्तांतांत हल्ल्याची तारीख २४ डिसेंबर आहे. दोन कारणांनी मी विरोध केला. एक, इंग्रजांकडे तेव्हा जुनेच ज्युलियन कॅलेंडर चालू होते, ते त्यांनी १७५२ मध्ये सोडले. त्या हिशेबाची तारीख आजच्या कॅलेंडरवर अकरा दिवस पुढे, म्हणजे ४ जानेवारी १७२२ वर जाते. दोन, आज वद्य नवमी, भांग. ओहोटीला पाणी फारसे मागे जात नाही आणि मोकळी वाळू कमी मिळते. आपल्याला पट्ट्याचे कडे, तोफ आणि प्रेक्षकांची दोरी यांत अंतर हवे. पौष पौर्णिमेनंतरचा शनिवार, १८ जानेवारी धरला. सकाळी ओहोटी, ऊनही सोसेल असे.

संध्याकाळी संहितेचे वाचन. मॅथ्यूजचा प्रसंग आज पक्का झाला आणि तो या सगळ्या कामाचा कणा आहे असे मला वाटते. लढाईत एका मराठी स्वाराने मॅथ्यूजच्या मांडीत भाला खुपसला आणि घोडा वळवून निघून गेला. संतापलेला कमोडोर त्याच्या मागे लागला, पिस्तुल रोखले, चाप ओढला. काही झाले नाही. दुसरे ओढले, तेही रिकामे. बार भरायचा राहून गेला होता.

चार लढाऊ जहाजांचा अधिकारी आणि त्याच्या हातात दोन न उडणारी पिस्तुले. हा प्रसंग आपण अगदी घडला तसा दाखवू शकतो. बंद नळीच्या लाकडी पिस्तुलाने, कोणताही परवाना न मोडता, कोणताही आवाज न करता. चापाचा खटका तेवढा ऐकू यायला हवा. त्यासाठी निवेदक बोलायचा थांबेल.

भाल्याच्या टोकाला कापडी बोंडे. घोडा किनाऱ्यावरच्या टांगेवाल्यांचा, त्याच्या मालकाने लगाम धरून चालवलेला. दौड नाही. घोड्याला माणसांच्या गर्दीत आणि नगाऱ्याच्या आवाजात पळवणे मला मान्य नाही, मग इतिहासात काहीही असो. नगाऱ्याची ओळख व्हावी म्हणून तो घोडा आजपासून सरावाला आणतो आहोत.

११ जानेवारी २०२५

पूर्ण रंगीत तालीम. 'लाल' दोनदा दिला, दोन्ही वेळा मुद्दाम, न सांगता. दुसऱ्यांदा सगळे एका श्वासात थांबले. शिडीच्या प्रसंगात इंग्रज खलाशी शिडीवरून पडतात ते वाळूत, पण हातात तलवार ठेवून पडू नये असे वस्तादांनी बदलले: आधी हत्यार बाजूला टाकायचे, मग पडायचे. पडताना सुटलेली दोन पाती वाळूत रुतून उभी राहिली आणि ते दृश्य आपोआप चांगले झाले.

पोर्तुगीजांच्या भागावर मी अजून समाधानी नाही. बाजीरावांचे घोडदळ आल्यावर त्यांची फळी मोडली, आणि जानेवारी १७२२ मध्ये त्यांनी मराठ्यांशी वेगळा तह केला. इंग्रज एकटे पडले. हा तह निवेदनात एका वाक्यात जातो. तिथे कागदावर शिक्का मारण्याचा छोटा प्रसंग हवा, कारण त्या दिवसात निकाल भाल्याइतकाच तहाने लागला. लिहायला एकाला दिले आहे.

१८ जानेवारी

प्रयोग झाला. पेट्या सकाळी अंधार असताना आल्या. उघडताना ठाण्यातले एक हवालदार हजर, नोंदवहीशी क्रमांक ताडून सह्या. प्रेक्षक दोरीमागे, पहिली रांग लहान मुलांची. नगारा चांगला पोचला.

तोफेच्या कवायतीला ती अपेक्षित शांतता पुन्हा मिळाली. तिसऱ्या बाराला मागच्या रांगेतून लोकच 'पुसा, पुसा' म्हणून ओरडू लागले, कारण पुसण्यावाल्याला उशीर होत होता. म्हणजे त्यांना कळले होते की न पुसता भरले तर काय होते. मॅथ्यूजचा पहिला खटका ऐकू आला. दुसऱ्याला टाळ्या पडल्या. तहाचा प्रसंग अजून सपाट आहे, त्याला पुढच्या वेळी स्वतंत्र माणूस लागेल.

प्रयोग संपताच शस्त्रे पेट्यांत, मोजून. एका ढालीची काठ फाटली, तीन पात्यांवर खोल खाचा. ज्यांची होती त्यांनी तिथेच कानशीने घासली. एका शाळेच्या मास्तरांनी आपल्या मुलांसाठी लाकडी बंदुकांचे माप मागितले. माप देईन, सोबत नळी पोकळ न ठेवण्याची चिठ्ठीही.

२ फेब्रुवारी

हिशोब आणि पुढचे. नोंदवहीची एक प्रत ठाण्यात दिली, पेट्या मंडळाच्या खोलीत, किल्ल्या दोघांकडे. पुढच्या हंगामात खांदेरी घ्यावे असे माझे मत आहे. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून नोव्हेंबर १७१८ मध्ये आरमार घेऊन खांदेरीवर गेला आणि हात हलवत परतला. त्याच महिन्यात अटलांटिकच्या पलीकडे ओक्राकोकच्या खाडीत ब्लॅकबिअर्ड हा चाचा मारला गेला. चाच्यांची आवड असलेल्या आमच्या मुलांना ही जोडी पुरेल. बेटावर प्रयोग नाही, तो थळच्या किनाऱ्यावरून, बेट समोर दिसेल असा. थळच्या नाखवांशी बोलणे सुरू केले आहे. तिथे भरतीचा ओढ वेगळा आहे, होडीची जागा तेच ठरवतील. लाकडी तोफा आता दोन लागतील, आणि दुसऱ्या नगाऱ्याचा शोध आजपासून.